शिरूर ते कुरकुंभ : एका जीपची थरथर

एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वसुधा राहू गावात, आप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, गाय तपासत होती. ती खाली बसली आणि उठली नाही. मी शिरूरला घरी होतो. संध्याकाळी आप्पांच्या मुलाने तिची जीप आमच्या दारात आणून लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

वसुधा जनावरांची डॉक्टर होती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावरही तिने फिरती सोडली नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात, भीमेच्या अलीकडे-पलीकडे, ती कुणाचाही फोन आला की जायची. उसाच्या रानातून वस्तीवर जाणारा रस्ता पाणी दिल्यानंतर रस्ता राहत नाही, म्हणून तिने फार वर्षांपूर्वी चारही चाकांना जोर देता येईल अशी ही जीप घेतली होती. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. गाडी चालवण्याचा परवाना माझ्याकडे होता, पण शेजारी बसून वाचायची सवय जास्त.

पावसाळाभर जीप ताडपत्रीखाली उभी होती. खंडेनवमीला आप्पांचा मुलगा येऊन ती राहूला घेऊन गेला. दरवर्षी त्या दिवशी ट्रॅक्टर, नांगर आणि कडबाकुट्टीच्या रांगेत वसुधाच्या जीपचीही पूजा व्हायची. यंदाही व्हावी, असं त्यांना वाटलं. गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून परत आली. दिवाळीनंतर मी ती हायवेवर काढली आणि काटा पन्नासच्या पुढे गेल्यावर ती थरथरू लागली. स्टिअरिंग शांत होतं. थरथर सीटखालून यायची आणि पाठीत चढायची. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर उभं राहिलं की पायांतून जे वर येतं, तसं काहीतरी. वेग वाढला की तीही वाढायची.

मी हे अनिकेतला, आमच्या मुलाला, फोनवर सांगितलं ही माझी चूक म्हणा. तो पुण्यात असतो. "बाबा, आई गेली," तो म्हणाला. "आता तुम्ही त्या गाडीतून हायवेला जायचं नाही." त्याने रविवारी येणारा भंगारवाला ठरवूनही टाकला.

जीप हवी असणारं माणूस मात्र एक होतं. नंदा. वसुधाच्या हाताखाली तिने लसीकरण, गाईंचं कृत्रिम रेतन, शेळ्यांची बाळंतपणं असं सगळं शिकून घेतलं होतं. ती कुरकुंभला राहते. नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. वसुधा गेल्यापासून नंदा स्कूटीवर फिरत होती. रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ज्यात ठेवतात ते नायट्रोजनचं भांडं स्कूटीवर बांधून वस्तीवर नेता येत नाही, म्हणून लांबच्या लोकांना ती नाही म्हणायला लागली होती. "नाही म्हणायची सवय नव्हती ना सर आपल्याला," असं तिने एकदा सांगितलं, तेव्हा 'आपल्याला' या शब्दात वसुधा होती.

मी अनिकेतला म्हणालो, रविवारच्या आत थरथरीचं कारण सापडलं आणि ती थांबली, तर जीप नंदाची. नाहीतर भंगारात. तो बरं म्हणाला. मुलगा वाईट नाही. घाबरलेला आहे.

शुक्रवारी सकाळी नंदा एसटीने शिरूरला आली आणि आम्ही निघालो.

सणसवाडी

या भागात कुणी सहलीला येत नाही. त्यामुळे त्याचं वर्णनही कुणी करत नाही. शिरूर सोडलं की पुण्याच्या दिशेने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आधी बाजरी-कांद्याची रानं लागतात, मग हळूहळू कंपन्यांच्या भिंती सुरू होतात. सणसवाडीत पोचेपर्यंत शेत दिसेनासं होतं आणि खोल्या भाड्याने देण्याच्या पाट्या दिसू लागतात. भाजीच्या गाड्यांवर हिंदी ऐकू येतं.

नंदा चालवत होती. पन्नासला थरथर सुरू झाली तशी तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, ही तर मसाज खुर्ची झालीय. तिकीट लावू का?"

"आधी कारण शोध."

"कारण चाक. सगळे चाकच म्हणतात."

मीही चाकच म्हणत होतो. पावसाळाभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, असं मी वाचलं होतं. रस्त्याकडेच्या टायरवाल्याने चारही चाकं यंत्रावर फिरवली, त्यांतल्या दोन चाकांना शिशाचे बारके तुकडे चिकटवले आणि हात पुसत म्हणाला, "बाबूजी, चक्का एकदम सीधा है. आपकी गाड़ी का बीमारी अंदर का है."

"अंदर म्हणजे कुठे?"

"वो तो डॉक्टर जाने," तो म्हणाला आणि हसला. नंदाही हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. मी तिला म्हटलं, हस. वसुधा असती तर सगळ्यांत मोठ्याने हसली असती.

तरी आम्ही पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घेतली. दोष चाकात असेल तर थरथरही जागा बदलेल, हा माझा हिशेब. चाकं बदलेपर्यंत शेजारच्या टपरीवर लिट्टी, म्हणजे भाजलेले कणकेचे गोळे, खाल्ली. बिहारच्या बाजूने आलेल्या कामगारांसाठी एक बाई ती निखाऱ्यावर भाजत होती. सोबत वांगं भाजून कुस्करलेला चोखा. नंदाने पहिल्या घासाला जाहीर केलं की हे आपलं भरीतच आहे, फक्त कूट विसरलेत. बाईंना मराठी येत नव्हतं. पण टीका कळली असावी, कारण नंदाच्या ताटात त्यांनी न मागता आणखी एक हिरवी मिरची ठेवली. ती नंदाने खाल्ली आणि पुढची काही मिनिटं ती बोलली नाही.

पुन्हा हायवे. पन्नास. थरथर तिथेच, सीटखाली. चाकं निर्दोष सुटली.

तळेगाव ढमढेरेच्या रस्त्याने

हायवे सोडून आम्ही तळेगाव ढमढेरेकडे वळलो. वाहतूक कमी झाली. एका सरळ टप्प्यावर मी नंदाला म्हणालो, "साठपर्यंत ने आणि क्लच दाबून धर. गाडी नुसती पळू दे."

"मध्येच? मागनं ऊस येतोय."

मागून खरंच उसाची ट्रॉली येत होती, स्पीकरवर गाणी लावून. तिला पुढे जाऊ दिलं. मग नंदाने क्लच दाबला. इंजिनचा आवाज एकदम खाली गेला. थरथर जशीच्या तशी राहिली.

"म्हणजे इंजिन नाही," मी म्हणालो.

"क्लचपण नाही. गिअर न्यूट्रल करून बघते." तेही करून पाहिलं. तीच थरथर.

खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. वसुधाच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, हृदय असावं. नातेवाइकांतल्या कुणी ऊन म्हटलं, कुणी दगदग, कुणी तिच्या वेळेवर न जेवण्याला दोष दिला. मी ऐकत राहिलो. 'असावं' या शब्दावर माणूस किती दिवस राहणार? इथे मात्र एकेक शक्यता हाताने बाजूला ठेवता येत होती. चाक नाही. इंजिन नाही. जे उरेल ते खरं असणार होतं.

उरला होता गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांच्या आसापर्यंत जाणारा लोखंडी दांडा. सगळे त्याला शाफ्ट म्हणतात. तो गाडीच्या पोटाखाली फिरतो आणि इंजिनचा जोर चाकांना पोचवतो. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, कारण चाक खड्ड्यात वरखाली होतं आणि दांड्याला त्याच्याबरोबर वाकावं लागतं.

"शाफ्ट खोलायचा तर राहू," नंदा म्हणाली. "आप्पांकडे सगळी हत्यारं आहेत." मग जरा थांबून, "चालेल ना सर?"

मी त्या मंगळवारनंतर राहूला गेलो नव्हतो. चालेल म्हणालो.

राहू

नदी जवळ आली की हवेला वास येतो. या दिवसांत तो गुऱ्हाळांचा असतो: चिपाडाचा धूर आणि उकळत्या रसाचा गोडवा एकत्र. आप्पांची वस्ती गावाबाहेर आहे. सत्तरी ओलांडलेला, उंच, अंगात बंडी घातलेला हा माणूस आजही स्वतः ट्रॅक्टर चालवतो आणि बिघडला तर स्वतः खोलतो. जीपचा आवाज ऐकून ते बाहेर आले आणि दारातच उभे राहिले. त्यांना क्षणभर काय वाटलं असेल ते मला कळलं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"या सर. बसा. आधी पानी घ्या."

माझं लहानपण कोकणात गेलं. तिथे आमच्या घरी कुणी दुःखातलं माणूस आलं की पायरीवरच गेलेल्याचं नाव निघायचं आणि दोघंही रडून मोकळे व्हायचे. इथे तसं नाही. आधी पाणी, मग चहा, मग जेवण. पाहुण्याच्या पोटात अन्न जाईपर्यंत गेलेल्याचा विषय कुणी काढत नाही. आप्पांच्या सूनबाईंनी पिठलं, भाकरी, ठेचा आणि वाटीभर कोमट काकवी वाढली. बोलणं उसाचं, बिबट्याचं, विजेच्या वेळांचं झालं. पानं उचलल्यावरच आप्पा म्हणाले, "बाई असत्या तर काकवी दोन वाट्या पिल्या असत्या."

"तीन," नंदा म्हणाली.

मग मी येण्याचं कारण सांगितलं. रविवारचा भंगारवालाही सांगितला. आप्पा ताडकन उठले. "भंगारात? ही गाडी? आवं, आख्ख्या राहूतल्या म्हशींनी वळखली असती ही! नंदे, जॅक आन."

मागची चाकं दगड लावून पक्की केली, गाडी उचलली, खाली पोतं अंथरलं. आप्पा, नंदा आणि मी, तिघं त्या पोत्यावर. गाडीचं पोट काळंभोर चमकत होतं.

"रंग कुणी दिला?" मी विचारलं.

"म्याच. खंडेनवमीला," आप्पा म्हणाले. "वरनं धुतली, म्हनलं खालनंबी नवीन दिसली पायजे. बाईंची गाडी हाय. समदं काढलं, घासलं, ग्रीस भरलं, काळा रंग मारला आन् मग बसिवलं."

आधी ठरल्याप्रमाणे मागचा शाफ्ट दोन्ही टोकांना सोडवून काढला. पुढच्या चाकांना जोर देणारा लिव्हर ओढला आणि नंदा जीप घेऊन डांबरी रस्त्यावर गेली. मागची चाकं आता नुसती ओढली जात होती. ती परतली तेव्हा लांबूनच ओरडत आली, "सर, काही नाही! साठला लोण्यासारखी!"

दोष मागच्या शाफ्टचाच होता. आप्पांनी तो उचलून हातात फिरवला. सांधे हलवून पाहिले, घट्ट. वाकला आहे का ते सपाट फरशीवर लोळवून पाहिलं, सरळ. "मंग ह्याला झालंय काय?" ते म्हणाले.

मला शाफ्टमधलं काही कळत नव्हतं. पण एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समोर असतील तर त्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावायची, हे माझं आयुष्यभराचं काम. पुढच्या चाकांचा शाफ्ट गाडीखालीच होता. मी पोत्यावर आडवा होऊन बॅटरी धरली आणि आधी तो पाहिला, मग हातातला. दोन्ही एकाच घडणीचे. दोन तुकडे एकमेकांत सरकवून केलेले, म्हणजे लांबी कमी-जास्त होते. प्रत्येक टोकाला चिमट्यासारखा एक काटा. पुढच्या शाफ्टचे दोन्ही काटे एका रेषेत होते. एक उभा तर दुसराही उभा. मागच्याचे नव्हते. एक उभा होता आणि दुसरा थोडा कलता.

 शाफ्ट कुणी खोलला होता हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी बॅटरी बंद केली आणि मनात वाक्य जुळवू लागलो. नंदानेही पाहिलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. उगाच म्हणाली, "आप्पा, दौंडला दाखवू या का एखाद्या मिस्त्रीला?"

"दौंडला कशाला?" आप्पा म्हणाले. "सर, तुमी काय पाह्यलं? बॅटरी का इझिवली?"

मी सांगितलं. काटे दाखवले.

त्यांनी शाफ्ट मांडीवर घेतला. खिशातल्या चाकूने मधल्या जोडावरचा काळा रंग खरवडला. एका तुकड्यावर बारीक बाण निघाला. दुसऱ्यावरही. दोन बाण समोरासमोर यायला हवे होते. ते आले नव्हते, म्हणून काटे तिरपे होते आणि दांडा फिरताना हिसके देत होता.

आप्पांनी बाणांवरून अंगठा फिरवला. "रोटाव्हेटरचा शाफ्ट म्या कितींदा काढलाय," ते म्हणाले. "त्याची नळी लिंबासारखी लांबट आसती, गोल न्हाई. तिरपा बसतच न्हाई. बसला की बरुबर बसला. म्हनलं ह्योबी तसाच. म्हून बघितलंच न्हाई." या शाफ्टचा जोड गोल होता, चहूबाजूंनी दात्यांचा, कसाही बसणारा.

"आप्पा, रंगाने बाण झाकले. कुणालाही दिसले नसते," मी म्हणालो.

"रंगबी म्याच दिला की सर." त्यांचा आवाज बारीक झाला. "बाई आमच्याच दारात गेल्या. तवा म्या काय करू शकलो न्हाई. म्हनलं गाडीचं तरी करावं. तर तीबी म्याच बिघडिवली. ती भंगारात निघाली ती माझ्या हातानं."

 यावर बोलली ती नंदा. "आप्पा, तुम्ही रडत बसला तर शाफ्ट कोण बसवणार? सर? ते पान नंबर टाकतील त्याच्यावर."

आप्पा हसले. डोळे पुसले ते ग्रीसच्याच हाताने, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला.

"तुमच्या मुलाने गाडी शिरूरला आणली," मी विचारलं, "त्याला वाटेत थरथर कळली नाही?"

"ट्रॅक्टरवर वाढल्यालं पोरगं, सर! त्याला वाटलं आसंल, आज गाडी लई गुळगुळीत चाललीय."

आप्पांनी दोन्ही तुकडे वेगळे केले, फिरवून बाणासमोर बाण आणला आणि ते सरकवले. मी पुन्हा पुढच्या शाफ्टशी ताडून पाहिलं. काटे जुळले. या वेळी ते मला प्रत्येक नटाला विचारत होते, "हाय का बरुबर?" आणि मला काही कळत नसूनही मी प्रत्येक वेळी नीट बघून हो म्हणत होतो. त्यांना ते हवं होतं, असं मला वाटलं.

गाडी खाली उतरवल्यावर ते म्हणाले, "गोठा बघायचा का?"

बघितला. शेणाने सारवलेली जमीन, लोखंडी पाइपची गव्हाण, पत्र्यातून येणारं ऊन. ज्या गाईला वसुधा तपासत होती ती तिथेच उभी होती. तिची कालवड शेजारी बांधलेली होती. आप्पांनी एका खांबाकडे हात केला. "हितं टेकून बसल्या. पानी मागितलं. म्या आनूस्तवर…" मी त्या खांबाला हात लावला. इतके महिने मी ही जागा मनात अंधारी धरून चाललो होतो. ती तशी नव्हती. उजेड होता, गाय रवंथ करत होती.

मग आप्पा आमच्यासोबत जीपमध्ये बसले. स्वतः खात्री केल्याशिवाय ते सोडणार नव्हते. पन्नास झाले. साठ झाले. त्यांनी सीटखाली हात घालून ठेवला होता, आजारी जनावराच्या पोटावर ठेवतात तसा. हाताला काही लागलं नाही. परत वस्तीवर उतरताना ते एवढंच म्हणाले, "नंदे, आता हिला दुसऱ्या कुनाचा हात लागू दिऊ नको. माझाबी न्हाई."

"तुमचाच लागेल," नंदा म्हणाली. "बाण आता तुमच्याइतके कुणाला पाठ आहेत?"

कुरकुंभ

ती रात्र आप्पांकडे काढून शनिवारी आम्ही निघालो. सोलापूर हायवेला लागल्यावर नंदाने गाडी मला दिली. मी मोठ्या रस्त्यावर सहसा चालवत नाही. ट्रक अंगावर आल्यासारखे वाटतात. पण गाडी शांत होती, इतकी की दार नीट लागलं नसल्याचं ऐकू येत होतं. कुरकुंभ जवळ आल्याचं आधी नाकाला कळतं. औषधी कारखान्यांचा तो तिखट वास, ज्याला नंदा 'माहेरापेक्षा ओळखीचा' म्हणते.

तिच्या दारात गाडी लावून मी अनिकेतला फोन केला. काय सापडलं ते क्रमाने सांगितलं. चाक नाही, इंजिन नाही, शाफ्टचे दोन तुकडे तिरपे जोडले गेले होते.  शेवटी त्याने विचारलं, "नक्की ना बाबा? असावं असं नाही ना?"

"नक्की," मी म्हणालो. "शाफ्ट काढून गाडी चालवली, तर थरथर थांबली. नीट बसवून चालवली, तरी थांबली."

"मग मी त्या भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो." आणि फोन ठेवण्याआधी, "गोठ्यात गेला होता का?" मी हो म्हणालो. मग त्याला तिथला उजेड सांगितला, गाय सांगितली.

नंदाचा नवरा पहिल्या पाळीवरून आला तोवर तिला मळदकडच्या एका वस्तीवरून फोन आला होता. शेळी अडली होती. तिने नायट्रोजनचं भांडं दोरीने मागच्या बाकाला बांधलं. परत येताना दोन गाईंचं रेतन करायचं होतं. मला विचारलं, "येता का सर?" मी नको म्हणालो. ती गेली. जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. मग तिच्या नवऱ्याने मला मोटारसायकलवरून दौंडच्या स्टँडवर सोडलं आणि मी एसटीने शिरूरला आलो.

जीप कुरकुंभला आहे. नंदा ती रोज चालवते आणि लांबच्या वस्त्यांना आता नाही म्हणत नाही. वसुधा का गेली ते मला अजून माहीत नाही. शिरूरच्या घरी मी एकटा राहतो.